'रद्द' की 'हिरावणे'? : एक शब्दचर्चा

कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनम् या गावी आमचे अधूनमधून जाणे होते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने उभारलेल्या कंपहरेश्वराच्या मंदिरात दर्शन घ्यावे आणि मग एखाद्या रेशीम विणकराच्या ओसरीवर घटकाभर टेकावे, असा आमचा शिरस्ता. अशाच एका दुपारी तेथील तमिळ वृत्तपत्रात एक शब्द दिसला : 'कुडियुरिमै पऱिप्पु'. 'कुडि' म्हणजे कुटुंब, वस्ती करून राहिलेली प्रजा. 'उरिमै' म्हणजे हक्क. 'पऱिप्पु' म्हणजे हिसकावून घेणे. (मराठीत 'कुडी' म्हणजे देह, परंतु या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह आम्ही आवरला.)

हीच गोष्ट मराठीत आपण 'नागरिकत्व रद्द करणे' अशी सांगतो. यातील 'नागरिक' नगरातून आला. कामसूत्रातील 'नागरक' हा सुखवस्तू, रसिक शहरवासी आहे. राज्याशी हक्काच्या नात्याने बांधलेला मनुष्य नव्हे. तो अर्थ पुढे 'सिटिझन'च्या संगतीने आला. हक्काची जाणीव देणारा आपला जुना शब्द 'वतन'. अरबीत त्याचा अर्थ जन्मभूमी; मराठीत तो पिढीजात अधिकार झाला. परंतु वतन काहींचेच असे, नागरिकत्व सर्वांचे असते. म्हणून 'नागरिकत्व' हाच शब्द योग्य होय. उणीव आहे ती त्यापुढील क्रियापदात.

'रद्द' हाही अरबी. मूळ अर्थ परतवणे, नाकारणे. रद्द होतो तो परवाना, हुकूम, करार. या शब्दात कागद दिसतो, माणूस दिसत नाही. 'वंचित करणे' म्हणावे, तर त्याच्या मुळाशी फसवणुकीचा अर्थ आहे. 'हिरावणे' मात्र हरणाशी नाते सांगते : ज्याचे होते, त्याच्याकडून ते नेले.

यावर कोणी म्हणेल, रीतसर काढलेल्या हुकुमाला लुटीचा वास का द्यावा? आक्षेप बिनतोड नाही. 1955 च्या नागरिकत्व अधिनियमात तीन वाटा वेगळ्या आहेत : कलम 8 स्वेच्छेने केलेल्या त्यागाचे, कलम 9 परदेशाचे नागरिकत्व पत्करल्याने होणाऱ्या समाप्तीचे आणि कलम 10 सरकारने नागरिकत्व घेण्याचे. हे तिसरे मुख्यतः अर्जावरून नागरिक झालेल्यांस लागू आहे. जन्माने नागरिक असलेल्यांस नाही. त्यातही आधी लेखी नोटीस द्यावी लागते. घेतले जाणारे मोठे आहे, हे कायदाच ओळखतो. तिन्हींना 'रद्द' म्हटले, की सोडणे, संपणे आणि हिरावले जाणे यांतील भेदच पुसला जातो.

तमिळमध्ये या शब्दाला जी धार आहे, तिच्यामागे एक अनुभव आहे. सिलोनच्या चहामळ्यांवर तंजावर, तिरुचिरापल्ली अशा जिल्ह्यांतून गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी 1947 च्या निवडणुकीत मतदान केले होते. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुतेकांना देशाबाहेरचे ठरविले. पुढच्याच वर्षी मतही गेले. 1964 च्या शास्त्री-सिरिमावो कराराने 9,75,000 माणसांचा हिशेब मांडला : 5,25,000 भारताकडे, 3,00,000 सिलोनकडे, उरलेली 1,50,000 पुढे पाहू. श्रीलंकेने तेथे उरलेल्यांसाठी नागरिकत्वाचा कायदा केला तो 2003 साली. या लोकांचे काय 'रद्द' झाले? रद्द करावा असा कागदच त्यांच्यापाशी नव्हता. होते ते घर, राबणे आणि मत. 'रद्द' या शब्दाने त्यांची गोष्ट सांगताच येत नाही. 'पऱिप्पु'ने येते, आणि 'हिरावणे'नेही येते.

आमचे बहुतेक वाचक सरकारी दप्तरांत आहेत. मसुदे त्यांच्या हातून जातात, आणि मसुद्यातला शब्द उद्या वृत्तपत्रात व परवा बोलण्यात उतरतो. म्हणून आमची विनंती एवढीच : दाखला 'रद्द' करावा, नागरिकत्व 'हिरावले' असे लिहावे. लिहिताना हात क्षणभर थबकला, तर तो विलंब अनाठायी ठरणार नाही.