देऱ्याचा गोल्ड सूक आणि आपले दिपलेले डोळे

दिवाळी अंकात दुबईवरचा लेख असला की त्यात देऱ्याचा गोल्ड सूक असतोच. काचेमागचे हातभर हार, 'डोळे दिपले' हे दोन शब्द, नवऱ्याच्या खिशावरचा विनोद, 'आओ मॅडम, देखो' म्हणणारा विक्रेता. मग एका दिरहमात अब्रातून खाडी ओलांडायची आणि बर दुबईच्या मीना बाजारात वडापाव खायचा, की लेख संपला! इथे राहून असे लेख बरीच वर्षं वाचत आले आहे. सूक दिसतो, बाजार काही कळत नाही.

साधा प्रश्न घ्या: इथलं सोनं स्वस्त का? सोन्याचा भाव जगभर जवळपास एकच असतो, आणि सूकमध्ये तो दर ग्रॅमचा म्हणून फलकावर लावलेला असतो. घासाघीस चालते ती घडणावळीवर. भारतातल्या भावाशी जो फरक पडतो तो मुख्यतः आपल्याच आयातशुल्कामुळे. जुलै २०२४मध्ये ते १५ टक्क्यांवरून ६वर आलं, तेव्हा ही 'दुबईची जादू' बरीच ओसरली. म्हणजे स्वस्ताईचं मूळ दिल्लीच्या अर्थसंकल्पात, आणि आपले लेखक ते शोधतात अरबांच्या श्रीमंतीत.

इतिहासाचंही तेच. 'कालपर्यंत वाळवंट होतं' या एका वाक्यात तो आटोपतो. १९६३मध्ये भारतात सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरटवरचे दागिने घडवायला बंदी झाली, कितीतरी सोनारांच्या पोटावर पाय आला. ते निर्बंध कायद्याच्या रूपात १९९०पर्यंत टिकले. त्या काळात याच खाडीतून सोनं घेऊन गलबतं मुंबईच्या किनाऱ्याकडे निघत. इथून निघताना तो रीतसर व्यापार, आपल्या किनाऱ्याला लागताना स्मगलिंग. दुबईत १९६६पर्यंत चलनही रुपयाच होतं. सोन्यापायी भारताची परकीय गंगाजळी आटू लागली म्हणून रिझर्व्ह बँकेनं १९५९मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला होता. हा सूक आपल्याला परका कधी नव्हताच. डोळे दिपायला आधी अनोळखीपण लागतं, ते इथे ओढूनताणून आणलेलं वाटतं.

पु.लं.ची 'अपूर्वाई' १९६०ची. तेव्हा परकीय चलनाची चणचण होती. लेखक वाचकाच्या वतीनं जाऊन यायचा, त्यामुळे त्याच्या नवलाईला अर्थ होता. आज वाचकाचा भाचा शारजाला असतो. तरी साचा तोच, फक्त पु.लं.ची माणसांबद्दलची ओढ त्यातून गळाली आहे.

माझी खरी तक्रार इथे आहे. काउंटरपलीकडचा माणूस या लेखांत फक्त गंमत म्हणून येतो. तो केरळचा असेल, गुजरातचा असेल, रत्नागिरीकडचाही असेल. कोकणातल्या किती घरांच्या भिंती आखाताच्या पैशावर उभ्या आहेत! त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. दिवसभर लाखांचं सोनं हाताळून रात्री तो चौघांच्या खोलीत झोपायला जातो. त्यानं मराठीत 'या ताई' म्हटलं की लेखिकेला भरून येतं, आणि पुढच्याच ओळीत ती बांगड्यांकडे वळते.

अलीकडच्या एका लेखात मात्र लेखिकेनं राजापूरच्या अशा एका मुलाला विचारलं होतं, 'गावी शेवटचा कधी गेलास?' तो म्हणाला, 'बहिणीच्या लग्नाला जायचं होतं.' पुढचा परिच्छेद कानातल्यांचा होता. मी अजून त्या लग्नापाशीच अडकले आहे.