विरामाचा पाठ : ध्वनिमुद्रणातील निःशब्द जागांचे यांत्रिक संपादन

प्रास्ताविक

ध्वनिमुद्रणावर संस्कार करणाऱ्या बहुतेक संगणकीय साधनांत आज एक सोय हमखास आढळते. बोलणारा जिथे जिथे थांबला असेल त्या जागा यंत्र स्वतः हुडकून काढते आणि कापून टाकते किंवा आखडून घेते. लांबलेले मुद्रण आटोपशीर होते, ऐकणाऱ्याचा वेळ वाचतो, लिप्यंतर करणाऱ्याचे श्रम कमी होतात. मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यातील मुलाखती मोबाइलवर मुद्रित करण्याची सवय झाल्यापासून ही सोय आपल्या अभ्यासिकेतही येऊन पोचली आहे. तिच्याकडे केवळ तांत्रिक सुविधा म्हणून पाहणे पुरेसे नाही. निःशब्द जागा काढून टाकलेले मुद्रण हा मुळाहून वेगळा पाठ असतो, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत आपण जी पाठचिकित्सा अनिवार्य मानतो तिचे नियम त्यालाही लागू व्हावयास हवेत, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

यंत्राला शांतता कशी कळते?

यंत्रापुढे दोनच आकडे असतात. एक आवाजाच्या पातळीचा, दुसरा कालावधीचा. ठरावीक पातळीखालचा आवाज ठरावीक काळ टिकला की त्या जागेला शांतता समजावे, एवढाच आदेश. ऑडॅसिटी हे २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध असलेले साधन घेतले, तर त्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत उणे २० डेसिबल आणि अर्धा सेकंद हे आकडे आधीच भरलेले असतात. वापरणाऱ्याने ते बदलले नाहीत तर तेच लागू होतात. आणि बहुतेक वापरणारे ते बदलत नाहीत, असे मानण्यास हरकत नाही.

कालावधीचा आकडा फार लहान ठेवता येत नाही, याला भाषावैज्ञानिक कारण आहे. क, ट, त, प ही अघोष स्पर्श व्यंजने उच्चारताना हवेचा मार्ग क्षणभर पूर्ण बंद होतो आणि त्या क्षणी आवाज नसतोच. ‘सत्तर’, ‘पक्का’, ‘कट्टा’ यांतील द्वित्तात हा बंद काळ लांबतो आणि त्या लांबण्यावरूनच कानाला द्वित्त ओळखू येते. म्हणजे शब्दाच्या पोटातही शांतता असते व ती अर्थभेदक असू शकते. अर्ध्या सेकंदाच्या अटीमुळे ही शांतता सुरक्षित राहते, हे यंत्राच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

पातळीच्या आकड्यामुळे होणारे नुकसान मात्र गंभीर आहे, आणि मराठीच्या संदर्भात विशेष गंभीर आहे. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते; नकारही बहुधा क्रियापदासोबत किंवा त्याच्यानंतर येतो. विधानवाक्याच्या अखेरीस आवाज उतरतो. वृद्ध, आजारी किंवा संकोचलेल्या माणसाचा तर तो पुटपुटण्याइतका खाली जातो. ‘मी त्या कागदावर सही केली’ इथवर स्पष्ट, मग विराम, मग ओठांतल्या ओठांत ‘नाही’. (उदाहरण कल्पित आहे, पण ज्याने खेड्यात बसून मुलाखती घेतल्या आहेत त्याला ते अपरिचित वाटणार नाही.) पातळीखाली गेलेला तो ‘नाही’ यंत्राच्या लेखी शांततेचाच भाग. तो गेला तरी उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहते, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. हस्तलिखितात अक्षर झिजले तर निदान झिजल्याची खूण उरते. इथे सांधा इतका सफाईदार बसतो की खूणही उरत नाही.

या विचाराचे मूळ ध्वनिमुद्रणाआधी दूरध्वनीत सापडते. १९५६ साली अटलांटिक महासागराखालून पहिली दूरध्वनी केबल कार्यान्वित झाली. तिच्यावर एका वेळी मोजकीच संभाषणे शक्य होती. दोघांच्या बोलण्यात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. शिवाय बोलणाराही मधूनमधून थांबतो. म्हणजे महागडी वाहिनी बराच वेळ रिकामी जाते. बेल प्रयोगशाळेच्या अभियंत्यांनी १९६० पासून या केबलवर टॅसी नावाची पद्धत योजली. एक माणूस थांबला की त्याची वाहिनी त्या क्षणापुरती दुसऱ्याला द्यावयाची. वाहिन्या तेवढ्याच राहून संभाषणे जवळजवळ दुप्पट झाली. अधूनमधून कोणाचे पहिले अक्षर तुटे, तो दोष सोसला गेला. मौनाला बाजारभाव आला तो असा. पुढे मोबाइलच्या जीएसएम व्यवस्थेत बोलणारा थांबला की प्रक्षेपण बंद करून बॅटरी वाचविण्याची योजना आली. परंतु पलीकडे संपूर्ण शांतता पसरली की ऐकणाऱ्याला फोन तुटला असे वाटे. म्हणून त्या जागी कृत्रिम मंद खरखर ऐकविण्याची तरतूद करावी लागली. मौन निरुपयोगी ठरविणाऱ्या अभियंत्यांनाच त्याची नक्कल तयार करावी लागली, ही घटना मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी वाटते.

२०१४ मध्ये आलेल्या ओव्हरकास्ट या पॉडकास्ट ऐकण्याच्या साधनाने विराम आखडून घेण्याची सोय दिली, आणि तिच्यामुळे किती तास वाचले याचा हिशेबही ते ऐकणाऱ्यापुढे मांडते. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तिथे मूळ मुद्रण अबाधित राहते आणि निवड ऐकणाऱ्याची असते. पुस्तक भरभर चाळणाऱ्याने पुस्तकाची पाने फाडलेली नसतात. जतन केलेली एकमेव प्रतच जेव्हा कापली जाते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

यति आणि विराम

आपल्या छंदःशास्त्राने मौनाला रिकामे मानलेले नाही. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या आणि त्यानंतरच्या सहाव्या अक्षरावर यति येते. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत ती बाराव्या अक्षरावर येते. ती बिघडली तर यतिभंग हा दोष. म्हणजे न उच्चारलेल्या जागेबद्दल कवीला जाब विचारण्याची व्यवस्था इथे फार पूर्वीपासून आहे. गद्यातील चिन्हे एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी प्रभृतींच्या प्रयत्नांनी इंग्रजीच्या वळणावर रूढ झाली. पण आपण त्यांना दिलेले नाव लक्षणीय आहे. ती विरामाची चिन्हे आहेत.

हे उदाहरण मात्र फार ताणता येणार नाही. यतीची जागा पूर्वनियोजित असते. मुद्रणातून ती कापली तरी वृत्त जाणणारा वाचक ती परत बसवू शकतो. उत्स्फूर्त बोलण्यातील विरामाची जागा कोणत्याही नियमावरून पुन्हा सिद्ध करता येत नाही. फ्रीडा गोल्डमन-आइस्लर यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात अशा विरामांचा संबंध विचाराच्या जुळवाजुळवीशी जोडला. बोलणारा थांबतो तिथे तो पुढचे वाक्य घडवीत असतो. इटलीतील कामगारांचा मौखिक इतिहास अभ्यासणारे आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी १९७९ मधील निबंधात याच्या पुढचे पाऊल टाकले. व्याकरणाला धरून नियमित येणारे विराम कथनातील माहितीची मांडणी करतात, तर अनियमित जागी आणि अनियमित लांबीचे विराम भावाशय व्यक्त करतात, असा भेद त्यांनी केला. लिप्यंतरात घातलेली विरामचिन्हे यांपैकी पहिल्या प्रकाराचीच दखल घेतात, असेही त्यांच्या विवेचनातून निष्पन्न होते. यंत्राचा न्याय याहून कठोर आहे. नियमित विराम सहसा आखूड असल्याने सुटतात आणि जे अनियमित, लांबलेले, तेच नेमके कात्रीत सापडतात. म्हणजे भावाशयाचे विराम आधी जातात.

डेनिस टेडलॉक यांचे कार्य येथे आदर्श म्हणून सांगता येईल. अमेरिकेतील झुनी लोकांच्या कथा ध्वनिफितीवरून उतरवून १९७२ मध्ये त्यांनी ‘फाइंडिंग द सेंटर’ या नावाने प्रसिद्ध केल्या. तोवर अशा कथा परिच्छेद पाडून गद्यात छापण्याची पद्धत होती. टेडलॉक यांनी लहान विराम आला की नवी ओळ घेतली आणि दीर्घ विराम आला की ओळींच्या मध्ये ठिपका दिला. छापील पानावर त्या कथा कवितेसारख्या दिसू लागल्या. गद्य म्हणून सपाट व पुनरुक्त वाटणारे कथन विरामांसह वाचले की त्याची बांधणी दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. विरामरहित मुद्रणावर हे काम होऊच शकले नसते. ते आधीच गद्य झालेले असते.

साक्ष आणि लिप्यंतर

क्लोद लांझमान यांच्या ‘शोआ’ (१९८५) या नऊ तासांहून दीर्घ चित्रपटातील एक प्रसंग या विवेचनात टाळता येत नाही. त्रेब्लिंका छावणीतून वाचलेले अब्राहम बोंबा यांना गॅस चेंबरमध्ये नेलेल्या स्त्रियांचे केस कापावे लागत. इस्रायलमधील एका केशकर्तनालयात एका माणसाचे केस कापीत ते हे सांगतात. त्यांच्याच गावच्या, छावणीत त्यांच्यासोबत हेच काम करणाऱ्या एका मित्रापुढे त्याची पत्नी आणि बहीण आल्या, या आठवणीपाशी त्यांचा आवाज थांबतो. कॅमेरा थांबत नाही. लांझमान पुढे बोलण्याची विनवणी करतात. त्या आग्रहावर टीकाही झाली आहे आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. पण मौन चित्रपटात राहिले. साक्षीदाराला जे सांगता येत नाही त्याची व्याप्ती त्या मौनाच्या लांबीवरूनच कळते. या ध्वनिपट्टीवर स्वयंचलित कात्री चालवली तर काय होईल? दुकानातील कात्रीची किंवा पावलांची चाहूल ठरलेल्या पातळीच्या वर असेल तर मौन वाचेल, खाली असेल तर जाईल. साक्षीचा निर्णय असा आसपासच्या आवाजावर सोपविणे संशोधनाला शोभणारे नाही.

फितीच्या काळातही विराम कापले जात. पात्याने फीत छाटणारा संपादक मात्र ती जागा आधी ऐकत असे, आणि जोडकाम सहज वाटावे म्हणून बोलणाऱ्याच्या खोलीची शांतताही स्वतंत्र मुद्रित करून ठेवत असे. त्याचा निर्णय चुकीचा असू शकेल, पण तो निर्णय होता.

अलीकडे या प्रश्नाला नवे वळण मिळाले आहे. यांत्रिक लिप्यंतर करणारे व्हिस्पर हे साधन ओपनएआय या कंपनीने २०२२ मध्ये खुले केले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, तपासलेल्या ध्वनितुकड्यांपैकी सुमारे १ टक्क्याच्या लिप्यंतरात मुळात कोणीच न उच्चारलेले वाक्यांश किंवा वाक्ये आढळली. वाचाघात झालेल्या व्यक्तींच्या मुद्रणात हे प्रमाण अधिक होते, आणि त्यांच्या बोलण्यात निःशब्द जागा अधिक असणे हे त्याचे एक संभाव्य कारण म्हणून पुढे आले. मौनात यंत्र स्वतःचे शब्द भरते, यावर सुचविला जाणारा उपाय म्हणजे निःशब्द जागा आधीच काढून टाकणे. व्यवहारात तो उपयुक्त आहे, याबद्दल वाद नाही. परंतु वाचाघाताच्या अभ्यासकासाठी विरामच रोगाचे लक्षण असते. लिप्यंतरासाठी कापलेली प्रत आणि अभ्यासासाठीची प्रत या दोन वेगळ्या ठेवणे, आणि पहिलीवर पातळी व कालावधीचे वापरलेले आकडे नोंदवणे, एवढी शिस्त तरी प्रबंधाच्या पद्धतिशास्त्राच्या प्रकरणात मागितली गेली पाहिजे. पीएच.डी.च्या परीक्षकांनी मुलाखतींची मूळ मुद्रणे मागण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही, हेही या निमित्ताने नमूद करतो.

मराठीपुरते एक उदाहरण देतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून संकलित झाल्या. त्यांतील अनेकींचे शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही झाले, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया तो ठेवा क्रमाक्रमाने प्रसिद्ध करीत आले आहे. आता या प्रकारच्या कोणत्याही गायनावर आपले यंत्र लावून पाहू. बाई जाते ओढत गात असेल तर दोन ओव्यांमधली जागा घरघरीने भरलेली असते. यंत्राला तिथे शांतता सापडत नाही आणि ते काहीच कापत नाही. तीच बाई तीच ओवी जात्याविना, ओसरीवर बसून म्हणेल तर ती जागा उघडी पडते आणि कापली जाते. एकाच गायिकेच्या एकाच ओवीचे हे दोन पाठ. अभ्यासकाला त्यांतील फरक दोन प्रसंगांतील गायनाच्या लयीचा वाटेल. प्रत्यक्षात तो दगडाच्या आवाजाने पाडलेला असेल. ओसरीवरच्या त्या कापलेल्या जागेत गाणारी पुढची ओवी आठवत होती, की शेजारी बसलेल्या दुसरीने ती उचलावी म्हणून थांबली होती, हे केवळ मुद्रणावरून नेहमी सांगता येईल असे नाही. पण लिप्यंतरात त्या जागी सेकंदांचा आकडा लिहिलेला असला, तर पुढच्या अभ्यासकाला हयात गायिकेकडे जाऊन तो प्रश्न निदान विचारता येतो.