गीतावरील खटला

नागपूरच्या जोगीनगर वस्तीत राहणारे कवी-कार्यकर्ते वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाच्या साथीत निवर्तले. दुसऱ्या दिवशी आंबेडकर जयंती होती. दलित-श्रमिकांच्या चळवळीत त्यांचे आयुष्य गेले. ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे ते संपादक होते. महाराष्ट्राबाहेर मात्र त्यांची ओळख झाली ती चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटातील शाहीर नारायण कांबळे म्हणून. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

कथानक वरवर साधे आहे. मुंबईत एका सफाई कामगाराचा मृतदेह गटारात सापडतो. शाहिराचे गाणे ऐकून त्याने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून कांबळेंना कार्यक्रम चालू असतानाच अटक होते. पुढे तारखांमागून तारखा पडतात. न्यायालयात कोणी आरडाओरडा करीत नाही, कोणी दुष्टही दिसत नाही. सरकारी वकील बाई घरी जाऊन स्वयंपाक करतात, न्यायाधीश सुटीत सहलीला जातात. अन्याय किती सभ्यपणे, किती सवयीने घडतो, याचा प्रत्यय या संथ चित्रणातूनच येतो.

चित्रपटाचा खरा गाभा मृत कामगाराच्या पत्नीच्या साक्षीत आहे, असे मला वाटते. नवऱ्याजवळ संरक्षक साधने नव्हती, गटारातील विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता, दुर्गंधी सोसवेना म्हणून तो दारू पिऊन उतरत असे, हे ती निर्विकारपणे सांगते. मृत्यूचे कारण अशा रीतीने सर्वांसमोर उघडे पडते. तरी गुन्हेगार शोधला जातो तो गीताच्या ओळींत!

एक उणीव नमूद करावीशी वाटते. वकील व न्यायाधीश यांच्या खासगी आयुष्यात कॅमेरा निवांत वावरतो. शाहिराच्या अंतरंगात मात्र फारसा शिरत नाही. त्याची काव्यदृष्टी कशी घडली, हे कळत नाही. ही पोकळी साथीदारांच्या मुद्रेने काही अंशी भरून निघते. चित्रपटातील गीते संभाजी भगत यांची. पण ती म्हणणाऱ्या थकल्या, न वाकलेल्या चेहऱ्यामागे साथीदारांचे जगलेले आयुष्य उभे आहे. अभिनय हा त्यांचा पेशा नव्हता, हेच येथे बळ ठरले.

शब्दांच्या आधारे सेवाकार्य करणाऱ्या माझ्यासारख्या धर्मगुरूला हा चित्रपट अस्वस्थ करतो. आपण सांत्वनाचे शब्द बोलतो, ते कोणाला खुपत नाहीत. दुःखाचे कारण उच्चारणारा शब्द मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. मग आपले शब्द इतके निरुपद्रवी का, हा प्रश्न टाळता येत नाही.

संरक्षक साधनांशिवाय गटारात माणसे उतरवण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ वाचकांनीच लावावा. आपल्या दारासमोरील झाकण उघडून कोणी आत उतरत असेल, तर निदान त्याचे नाव विचारावे आणि त्याला उतरू देऊ नये. साथीदारांना वाहिलेली ती खरी श्रद्धांजली ठरेल.