ट्रेन थांबवायला किती जोर लागतो?

हल्क भारी की थॉर, या वादात कॉलेजात मीही रात्री घालवल्या आहेत. आमचा हुकमी प्रसंग 'स्पायडर-मॅन २' (२००४) मधला: भरधाव ट्रेन थांबवणारा पीटर. ट्रेनचं वजन धरा, वेग धरा, थांबायला लागलेले सेकंद मोजा, जोर काढा. मग पुढचं भांडण: एवढ्या जोराच्या माणसाचा ठोसा खाऊन डॉक्टर ऑक्टोपस जिवंत राहतोच कसा?

परवा तो प्रसंग पुन्हा पाहिला. या प्रश्नाचं उत्तर दिग्दर्शक सॅम रायमीकडे नाही, आणि त्याचं काही अडतही नाही. तो दाखवतो ताणलेली जाळी, फाटलेला पोशाख, मुखवट्याविना ओरडणारा चेहरा. ट्रेन थांबते आणि पीटर शुद्ध हरपून पुढे कोसळू लागतो. प्रवासी त्याला धरतात, हातोहात डोक्यांवरून आत नेतात. मुखवट्यामागे एक पोरगाच आहे, हे त्यांना तेव्हा दिसतं.

त्याने किती टन अडवले, ते मी आता विसरलोय. त्यापायी त्याच्यात काय उरलं नाही, ते लक्षात आहे. सिनेमात ताकद कळते ती तिथे. आमचं गणित बरोबरच होतं; फक्त हातचे धरायचे राहिले होते.