पाठसंपादन आणि यंत्राचे अनाहूत क्रमांक

पोथीचा नकलकार चुका करी. परंतु त्या चुकांना स्वभाव असे. सारख्या अक्षरांमुळे दृष्टी पुढील ओळीवर घसरणे, अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घालणे, या सवयी ओळखूनच पाठचिकित्सेची पद्धती सिद्ध झाली. वर्ड प्रोसेसर हा आजचा नकलकार मात्र निराळ्या जातीचा आहे.

पाठभेदांच्या यादीचे उदाहरण घ्यावे. बाराव्या ओवीत पाठभेद आहे. त्यानंतरचा एकदम सतराव्या ओवीत. संपादक इंग्रजी अंकांत बारा व पुढे टिंब देऊन नोंद लिहितो आणि नव्या ओळीवर येतो. तोच ‘मायक्रोसॉफ्ट वर्ड’ आपण होऊन तेथे तेरा मांडतो. संपादकाच्या लेखी तो आकडा ओवीचा निर्देश होता. यंत्राच्या लेखी तो केवळ अनुक्रम. घाईत तेरा तसाच राहिला, तर पाठभेद भलत्याच ओवीच्या माथी बसतो. पुढे मधली एखादी नोंद गाळावी, तर खालचे सर्व आकडे निमूटपणे एकेकाने वर सरकतात. हे आकडे मजकुरातील अक्षरे नसून परिच्छेदाचा गुणधर्म असल्याने शोधूनही सापडत नाहीत.

आमचा मुख्य आक्षेप असा की, ही चूक नेटकेपणाच्या वेषात येते. बारा, तेरा, चौदा अशी सरळ ओळ पाहून कोणता मुद्रितशोधक शंका घेईल?

ही अडचण केवळ वाङ्मयाच्या अभ्यासकांची नव्हे. ‘एक्सेल’ हा कोष्टकांचा कार्यक्रम ‘मार्च१’ या जनुकनामाची तारीख करून टाकी. जनुकांच्या याद्या ‘एक्सेल’मध्ये जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत असे दोष असल्याचे २०१६ मध्ये दाखविले गेले. अखेर नामकरण समितीने नावेच बदलली. २०२० मध्ये तिने तसे प्रसिद्ध केले. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले! हे रूपांतर बंद करण्याची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये, मिळाली.

१९९३ मध्ये ‘वर्ड’च्या सहाव्या आवृत्तीत आलेल्या स्वयंदुरुस्तीने लेखनिकांचे श्रम वाचविले, हे नाकारण्याचे कारण नाही. आपोआप क्रमांक घालण्याची सोयही बंद करता येते. तथापि ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘प्रूफिंग’ व ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ अशी चार दालने ओलांडल्यावर. विभागांनी संशोधकांना संगणक देतानाच ती बंद करून द्यावी, आणि संहिता प्रथम साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यावी. मांडणीचे काम मुद्रणाच्या वेळी करता येते.