मायएसक्यूएलचेकचं ‘ओके’ म्हणजे नक्की काय?

डेटाबेसमधली टेबलं बिघडलीत की नाही हे कसं बघायचं, असं कुणालाही विचारा. उत्तर बहुधा ठरलेलं असतं: टर्मिनल उघडा आणि मायएसक्यूएलचेक चालवा. टेबलांची नावं भराभर सरकतात, प्रत्येकापुढे ‘ओके’ उमटतं आणि आपण निर्धास्त होतो. माझी पीएचडी डेटाच्या शुद्धतेवर आहे, त्यामुळे माझी हरकत नेमकी या निर्धास्तपणाला आहे.

आधी श्रेय देऊ. सर्व्हर चालू असतानाच, एका कमांडमध्ये सगळ्या डेटाबेसांची तपासणी होते. मायआयसॅमचेक या जुन्या साधनासाठी टेबलं वापरात नसावी लागतात, इथे ती कटकट नाही.

पण तपासतं कोण? हे साधन सर्व्हरला फक्त ‘चेक टेबल’ अशी आज्ञा देतं. इनोडीबीच्या टेबलात सर्व्हर इंडेक्सची रचना चाचपतो, वेगवेगळ्या इंडेक्समधल्या नोंदींची संख्या जुळते का ते बघतो, डिस्कवरून वाचलेल्या पानांचे चेकसम पडताळतो. थोडक्यात, वहीची शिवण घट्ट आहे आणि पान फाटलेलं नाही, एवढं कळतं. हिशेब बरोबर आहे का, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

पहिली तक्रार दुरुस्तीबद्दल. 2010 साली आलेल्या 5.5 आवृत्तीपासून इनोडीबी हेच डिफॉल्ट इंजिन आहे आणि इनोडीबीच्या टेबलांना ‘रिपेअर’ लागूच होत नाही. म्हणजे ऑटो-रिपेअर हा पर्याय बहुतेकांसाठी नावापुरता. उलट तपासताना खराब पान सापडलं, तर बिघाड पसरू नये म्हणून अख्खा सर्व्हरच बंद पडू शकतो. तेव्हा संशय असेल तर आधी बॅकअप, मग तपासणी.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. समजा, ‘रुग्ण’ आणि ‘भेटी’ अशी दोन टेबलं आहेत. मायएसक्यूएलडंपच्या बॅकअप फायलीत सुरुवातीलाच फॉरेन कीची तपासणी बंद केलेली असते, नाहीतर भरताना टेबलांचा क्रम आडवा येईल. शेवटी ती पुन्हा चालू होते, पण मधल्या काळात शिरलेल्या ओळींकडे सर्व्हर मागे वळून बघत नाही. दोन टेबलांचे बॅकअप वेगवेगळ्या वेळचे असले, तर काही भेटींना रुग्णच उरत नाही. मायएसक्यूएलचेक म्हणतं, ‘ओके’. तुम्ही जॉइन लावून सरासरी काढता, त्या अनाथ भेटी गुपचूप गळतात. एरर येत नाही, फक्त निष्कर्ष बदलतो.

आपल्या भाषेचंही तेच. कॉलम लॅटिन-1 आहे, सर्व्हरशी जोडणी यूटीएफ-8 आहे आणि स्ट्रिक्ट मोड बंद आहे, अशा वेळी ‘राजाराम’ लिहिलंत तर साठवली जातात सात प्रश्नचिन्हं. नाव कायमचं गेलं. टेबल मात्र ‘ओके’!

आता म्हणाल, साधनाचं काम रचना तपासायचं, अर्थ नव्हे. मान्य. पण मग तसं सांगावं ना! एसक्यूलाइट सांगतं: त्याच्या ‘इंटेग्रिटी चेक’ला फॉरेन कीच्या चुका सापडत नाहीत, असं त्याच्या दस्तऐवजातच लिहिलंय आणि त्यासाठी वेगळी ‘फॉरेन की चेक’ आज्ञाही आहे. मायएसक्यूएलचेकमध्ये असा पर्यायच नाही.

म्हणून मायएसक्यूएलचेक जरूर चालवा, पण तिथे थांबू नका. प्रत्येक फॉरेन कीसाठी लेफ्ट जॉइन लावून दुसऱ्या बाजूला नल येणाऱ्या ओळी मोजा. नावांच्या कॉलममध्ये प्रश्नचिन्हं शोधा. बॅकअप भरण्याआधीची आणि नंतरची ओळसंख्या ताडून बघा. तासाभराचं काम आहे. आणि पेपरमध्ये ‘डेटा तपासून घेतला’ असं लिहाल, तेव्हा त्यातलं काय काय तपासलं, तेही लिहा. वाचणाऱ्याला तुमच्या सरासरीवर विश्वास ठेवायचा असतो, तुमच्या टर्मिनलवर नाही.