लाप्लासचा लॉटरीवरील धडा आज किती पुरतो?

पिएर-सिमाँ लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचे संभाव्यतेवरील छोटेखानी तात्त्विक पुस्तक १८१४ साली प्रसिद्ध झाले. शिक्षकांनी ते मुद्दाम वाचावे, कारण शिक्षक घडवण्यासाठी पॅरिसमध्ये काढलेल्या एकोल नॉर्मालमध्ये १७९५ साली त्याने दिलेल्या व्याख्यानातून ते वाढले आहे. समीकरणे टाळून विषय सांगायचा त्याचा आग्रह आहे. त्यापायी काही पाने उलट अवघड झाली आहेत. सूत्र शब्दांत लिहिले की सोपे होतेच असे नाही!

पुस्तकातले सर्वांत जिवंत प्रकरण आहे ते संभाव्यतेबाबतच्या भ्रमांचे. फ्रान्सच्या लॉटरीत ९० आकड्यांतून पाच काढत. एखादा आकडा बरेच दिवस आला नाही की लोक त्यावर तुटून पडत. आता त्याची पाळी, अशी त्यांची खात्री असे. लाप्लास म्हणतो, मागच्या सोडतींचा पुढच्या सोडतीवर काहीही परिणाम होत नाही. जोडीला तो पुत्रप्राप्तीसाठी आसुसलेल्या बापांचे उदाहरण देतो. इतरांना मुलगे झाल्याचे ऐकले की ते काळजीत पडत, जणू महिन्याचा मुलग्यांचा वाटा संपत चालला आहे! हे उदाहरण वर्गात आजही चालेल.

लॉटरीतला तोटा मात्र पाटीवर मांडून दाखवावा. एक ठरावीक आकडा येण्याची संभाव्यता ५/९०, म्हणजे १/१८. तो आला तर लावलेल्या रकमेच्या १५ पट मिळत. न्याय्य मोबदला १८ पट असता. आकडा कोणताही निवडा, सरासरीने सहावा हिस्सा सरकारकडे जाणारच. लाप्लासने १८१९ साली वरिष्ठ सभागृहात ही लॉटरी बंद करण्याची मागणी केली. ती १८३६ साली बंद झाली.

‘सगळे आकडे सारखेच’ हा त्याचा निष्कर्ष आपण आजही तसाच शिकवतो. इथे थोडे थांबायला हवे. त्या लॉटरीत मोबदला ठरलेला होता. आजच्या अनेक लॉटऱ्यांत पहिले बक्षीस विजेत्यांमध्ये वाटले जाते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत तेव्हा ४९ पैकी सहा आकडे निवडायचे असत. असे संच १,३९,८३,८१६ होतात. १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत ७, १७, २३, ३२, ३८, ४२ हे आकडे आले. सुमारे सात कोटी तिकिटे खपली होती, म्हणजे पाचेक विजेते अपेक्षित होते. निघाले १३३! सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांचे वाटे होऊन प्रत्येकाच्या हाती सव्वा लाखाहूनही कमी आले.

चेंडूंनी काहीच पक्षपात केला नव्हता. एकसारखे निवडले ते माणसांनी. बरेच जण जन्मतारखा लावतात, त्यामुळे ३१ पर्यंतच्या आकड्यांवर गर्दी होते. गर्दी टाळल्याने जिंकण्याची शक्यता वाढत नाही, फक्त जिंकलोच तर वाटेकरी कमी होतात. आणि ‘जिंकलोच तर’ म्हणजे काय? आठवड्याला एक तिकीट घेतले तर पहिल्या बक्षिसासाठी सरासरी २ लाख ६९ हजार वर्षे!

वर्गात हे करून पाहा. प्रत्येकाला १ ते ४९ मधील सहा आकडे गुपचूप लिहायला सांगा. ३१ पर्यंतचे किती आले ते मोजा; निःपक्षपाती निवडीत ते सुमारे ६३ टक्के असावेत. मग डब्यातून सहा चिठ्ठ्या काढा, परत टाका, असे वीस वेळा करा. प्रत्येक वेळी ‘राहिलेला’ आकडा येतो का, याची नोंद मुलांनीच ठेवावी.

नाणी आणि फासे यांवरची गणिते मुले सोडवतात, पण तेच गणित घरातल्या मजुरीच्या पैशाला लागू आहे हे त्यांच्या लक्षात येतेच असे नाही. लाप्लासच्या लक्षात ते आले होते. त्याचे हे प्रकरण शिकवावे ते त्यासाठी. वाटणीचा हिशोब तेवढा आपण जोडावा.